हँडलवरचं कडं

सोमवार, २ एप्रिल २००७

दगड कानाजवळून गेला! वीतभर अंतर. फीडर तीनच्या मीटरची काच फुटून माझ्या मांडीत पडली. माझ्या हातात हॉटलाइनचा रिसीव्हर, आणि तिकडून निकेत विचारतोय – "मॅडम, सहा मेगावॉट मिळाले का मला?"

"मला दगड मिळाला," म्हटलं.

"लागला?" आणि लगेच, "मॅडम, अजून दोन हवेत."

हा निकेत मी कधी पाहिलेला नाही. वरच्या लोड डिस्पॅच केंद्रात बसतो. अख्ख्या प्रदेशाची वीज त्याच्या पडद्यावर. माझ्यासाठी तो नुसता आवाज – कोरडा, घाईचा, पोटात भूक असलेल्या माणसाचा. त्याचं सगळं आयुष्य एका आकड्यावर टांगलेलं – पन्नास. फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासवर राहिला पाहिजे. वीज डब्यात भरून ठेवता येत नाही. जेवढी बनते तेवढीच, त्याच क्षणी वापरायची. मागणी वाढली की काटा उतरतो. फारच उतरला तर जनित्रं स्वतःला वाचवायला एकेक करून सुटतात, आणि मग सगळाच प्रदेश अंधारात. म्हणून तो फोन करतो, आणि मी इथे भाईंदर पश्चिमेच्या सबस्टेशनात पॅनेलवरचं एखाद्या फीडरचं, म्हणजे वस्त्यांना जाणाऱ्या लाईनचं, हँडल फिरवून चार वस्त्यांची वीज काढते. बाकीच्यांची राहावी म्हणून.

ज्यांची काढते ते दगड मारतात. बाकीचे पंख्याखाली जेवतात. त्यांना माझं नावही ठाऊक नाही.

संध्याकाळी घरी नवऱ्याने, काशीनाथने, केसांतून काचेचे कण वेचले. "चार महिने राहिले निवृत्तीला. रजा टाक," म्हणाला. टाकणार नाही.

गुरुवार, ५ एप्रिल

कपाळावर खोक आहे हे आज कळलं. तीन दिवस कुंकू त्याच्या वर लावत होते.

मोठा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. काटा न बघताही मला कळतं, उतरलाय का ते. सूर खाली येतो, केसभर. पंढरीनाथ – माझ्या आधीच्या पाळीचा ऑपरेटर – याला थट्टा वाटते. "मनोरमाबाई, तुम्ही ट्रान्सफॉर्मरला गाणं शिकवा, आम्ही तबला आणतो."

पण हा कान सिस्टर बेनेडिक्टाने दिलेला. कॉन्व्हेंटच्या संगीताच्या खोलीत ती सूर देणारा लोखंडी चिमटा टेबलावर आपटायची आणि आम्हा पोरींच्या कानाशी धरायची. "ऐका. हा खरा सूर. बाकीचे सगळे याच्याकडे मागतात." पियानोच्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, खिडकीबाहेर चिंच, वर्गात आम्ही तिघीच मराठी मुली. दुपारी सगळीकडे पावाचा वास. इतकं शांत काही पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

रोज लिहायची सवयही तिचीच. "खरं लिहवत नसेल तर पान कोरं सोड. पण खोटं लिहू नकोस. निदान स्वतःच्या वहीला फसवू नकोस." पंचेचाळीस वर्षं पाळलं. कोरी पानं सोडली काही – आई गेली तेव्हा, बाळ पोटातच गेलं तेव्हा. खोटं नाही लिहिलं.

मंगळवार, १० एप्रिल

फोन! सकाळपासून फोन. शिव्या तीन भाषांत. एकाने माझ्या मुलीबद्दल सांगितलं, तो काय करेल ते. मला मुलगी नाही, म्हणून मी ऐकत राहिले. तो समोर असता तर रिसीव्हर त्याच्या तोंडात कोंबला असता. खरंच कोंबला असता.

मग एक बाई. रडवेली. "आंटी, मेरा बच्चा देखो कैसा लाल हो गया है, पंखा कब आएगा?"

लोडशेडिंग म्हणायला जीभ वळेना. तोंडातून निघून गेलं – "बहन, हमारा आदमी खंभे पे है. काम चालू है."

आणि काय बदल! "अच्छा? धूप में? उसको बोलो संभाल के करे."

ठेवताना आशीर्वाद देऊन गेली! वीज नाही म्हणजे कोणीतरी मुद्दाम काढली, हे लोकांना सोसत नाही. कोणीतरी त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालतोय म्हटलं की सोसतं. त्यानंतर दिवसभर सगळ्यांना तेच सांगितलं. एक शिवी नाही! पंढरीनाथलाही शिकवलं. तो खूश – "बाई, हे आधी का नाही सुचलं?"

फोनवर खोटं बोलले. वहीत खरं लिहिलं. चालेल ना, सिस्टर?

सोमवार, १६ एप्रिल

आज खरोखरच चंदन खांबावर होता. तासभर.

चंदन आमचा लाईनमन. किनाऱ्यावरच्या पालीचा, मच्छीमारांच्या घरातला. सगळं घर समुद्रावर जातं, हा एकटा खांबावर. पंधरा वर्षं. लाईनवर जायच्या आधी मनगटातलं चांदीचं कडं काढतो – अंगावर धातू नको म्हणून – आणि माझ्या नाहीतर पंढरीनाथच्या हातात देतो. आजोबांचं कडं. अंगठ्याएवढं जाड, हातात घेतलं की हात खाली जातो. ते आम्ही त्या फीडरच्या हँडलवर अडकवतो. कडं काढल्याशिवाय हँडल फिरत नाही. आणि कडं काढायचं ते चंदनने परत येऊन, स्वतःच्या हाताने. परमिटचा कागद असतोच, सह्या असतात. पण आमचा विश्वास कड्यावर.

"मॅडम, ह्यो माझा जीव हाय. नीट टांगा."

दर वेळी हेच म्हणतो. दर वेळी हसतो.

हसण्यासारखं नाही. फीडर चारचा आयसोलेटर, म्हणजे लाईन तोडून ठेवणारी पाती, डिसेंबरात जळाला, अजून नवा नाही. लाईनला मातीशी जोडायची तांब्याची साखळी फेब्रुवारीत चोरीला गेली. इंजिनिअर साहेबांना तीनदा लिहिलं. म्हणजे चार नंबरवर माणूस चढला की त्याच्या आणि अकरा हजार व्होल्टच्या मध्ये फक्त ते हँडल. आणि हँडलवर ते कडं.

जाताना सुक्या बोंबलांची पुडी देऊन गेला. "नीलमनं दिलंय." नीलम त्याची बायको. तिचा भाऊ उत्तम. तो पालीशेजारच्या चौक गावात बर्फाचा कारखाना चालवतो. तोही चार नंबरवरच.

सोमवार, २३ एप्रिल

जीप जाळली. साहेबांच्या तोंडाला ऑइल फासलं, गळ्यात चपलांची माळ घालून फाटकापर्यंत चालवत नेलं. मी खिडकीतून बघत होते. साहेबांचा चष्मा खाली पडला, आणि कोणीतरी तो सावकाश, अगदी चवीने, टाचेखाली चिरडला. ती टाच डोळ्यांपुढून जात नाही.

दहाबारा जण वर आले. पंढरीनाथ म्हणाला, "माणूस खांबावर आहे."

"किधर है? दिखाव!"

दाखवायला काहीच नव्हतं. पंढरीनाथचा हात पिरगाळला, करंगळी मोडली. आवाज आला. सुकी काडी मोडावी तसा.

ते गेल्यावर मला सुचलं. हो, मलाच. चंदनच्या कड्यासारखं एखादं कडं टांगून ठेवलं तर? बघा म्हणावं, माणूस वर आहे, ही त्याची खूण.

शुक्रवार, २७ एप्रिल

पंढरीनाथने जत्रेतल्यासारखं पत्र्याचं कडं आणलं. लांबून तसंच दिसतं. हातात घेतलं तर पिसासारखं. काम झालं! दुपारी चारपाच जण तावातावाने आले, कडं बघितलं, "ठीक आहे, काम चालू आहे" म्हणून गेले. जाताना एकाने पाण्याची बाटली ठेवली. वर असलेल्या माणसासाठी.

चंदनला सांगितलं तेव्हा तो हसला नाही.

"माझ्या जीवाची नक्कल टांगता, मॅडम?"

"अरे, तुझ्यामुळे आमची हाडं वाचतात."

"वाचली तर चांगलंच हाय. पन हे बरं न्हाय."

मी म्हटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे, मेअखेर उन्हाळा ओसरेल. त्याने मान हलवली. मला थोडा रागच आला त्याचा. करंगळी त्याची नव्हती मोडलेली.

बुधवार, २ मे

कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नाही.

काल, एक तारखेला, काटा ४८.९. निकेत ओरडत होता, "मॅडम, काहीही काढा, काहीही!" चार नंबर काढला. पाच तास. बर्फ झाला नाही. होड्या लागलेल्या होत्या, सगळी मासळी कुजली.

आज ती मासळी त्यांनी आमच्याकडे आणली. टोपल्या भरभरून. टेबलावर, रजिस्टरवर, माझ्या पदरात. उत्तम पुढे होता. धिप्पाड माणूस, डोळे लाल. लोकांनी विकत घ्यायची मासळी तो लाथेने पसरत होता, आणि मला वाटतं रडतही होता.

पंढरीनाथने चार नंबरवरचं कडं दाखवलं – पत्र्याचं. "चंदन खांबावर आहे. तुझाच मेहुणा."

उत्तमने लाथ आवरली. म्हणाला, "चंदन? चंदन माझ्या घरात जेवतोय. आत्ता, माझ्या आईच्या हातचं."

आज चंदनची सुटी! आम्ही विसरलो.

कडं ओढून काढलं, दोन बोटांत दाबलं. वाकलं. "ह्या पत्र्यावर आमाला फसवता?" पंढरीनाथचं तोंड दाबून उघडलं आणि कुजका बांगडा आत कोंबला. मी उत्तमच्या कानाखाली मारली. आयुष्यात कोणाला हात लावलेला नाही. जोरात मारली, आणि – खरं लिहिते – बरं वाटलं. आणखी एक मारावीशी वाटली.

तो हसला. "बाई, पुढल्या वेळी कडं दाखवलंत तरी कुनीच वर नसतंय. येवढं ध्यानात ठेवलं मी."

मंगळवार, ८ मे

निकेतला फोन केला. आजवर कधीच मी आपणहून केला नव्हता. म्हटलं, चार नंबरवर कोळ्यांची पोटं आहेत. पावसाळ्यात होड्या बंद होतील, त्याआधीचे हेच दिवस. बर्फाला वीज हवी.

"मॅडम, सगळ्यांची पोटं आहेत. एका शहरात पाणी चढत नाही, एका ठिकाणी ऑपरेशन अर्ध्यावर आहे. मी कोणाकोणाचं ऐकू?"

"माझं ऐक."

तिकडे कळा बडवल्याचा आवाज. मग, "चौदा तारखेपासून तीन दिवस तुमचा चार नंबर मागणार नाही. दुसरीकडून काढतो. कोणाला सांगू नका. सांगितलंत तर उद्या सगळे फोन करतील."

"जेवलास का?" विचारलं.

"तुम्हीच पहिल्या, हे विचारणाऱ्या," म्हणाला आणि ठेवून दिला.

वाकलेलं पत्र्याचं कडं पंढरीनाथने ठोकून सरळ केलं. तीन नंबरवाल्यांना अजून पटतं म्हणे. मी ते माझ्या खणात टाकलं.

सोमवार, १४ मे

[हे पान कोरं.]

मंगळवार, १५ मे

चंदन गेला.

गुरुवार, १७ मे

पालीला गेले होते. रिक्षातून उतरून पुढे बोळ अरुंद, माणसांना वाट नाही. झाकलेलं होतं, पण पाय दिसत होते. तळव्यातून वीज बाहेर पडते तिथे भोक पडतं. कोणीतरी त्याला नवे मोजे घातले होते. चंदनने उभ्या आयुष्यात मोजे घातले नसतील.

मिठागराच्या बाजूच्या खांबावर होता. इन्सुलेटर तडकला होता. त्या दिवशी लोडशेडिंगसाठी चार नंबर कोणी काढलाच नव्हता! निकेतने शब्द पाळला होता. लाईन बिघाडाने बंद पडली होती, आणि चंदन ती उत्तमच्या बर्फासाठीच दुरुस्त करत होता. मिठागरावरच्या माणसांनी त्याला जळताना पाहिलं. तारेला चिकटला आणि सुटेना.

पंढरीनाथ हॉस्पिटलात. लोखंडी गजाने मारलं. कवटी फुटली आहे, दात नाहीत, शुद्ध नाही. त्याची बायको माझा हात सोडेना – "बाई, तुम्ही होतात म्हणून हे जिवंत राहिले."

उत्तमला पोलिसांनी तिरडीजवळून उचललं.

जबाब झाला. साहेब बाजूला बसले होते. हवालदाराने आधीच लिहून ठेवलं होतं – जमाव शिरला, आरोपी उत्तम याने ऑपरेटरला गजाने मारहाण केली, कर्मचारी लाईनवर असल्याची खूण काढून टाकून हँडल फिरवलं. "बरोबर ना, मॅडम? वाचून घ्या." वाचलं. "हँडलवरची खूण म्हणजे ते कडं, ते कुठे आहे?" "माहीत नाही," म्हटलं.

सही केली. कॉन्व्हेंटमधलं वळण अजून तसंच आहे. गोल, सुरेख.

मंगळवार, २२ मे

पेपरात आलंय. या उन्हाळ्यात विक्रमी मागणी, तरी ग्रीड एकदाही कोसळलं नाही. अभिनंदन! आतल्या पानावर चार ओळी – वीज कर्मचाऱ्याचा जमावाकडून बळी.

निकेतचा फोन. काम नव्हतं. म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी दुपारी दोन चौदाला तुमचा लोड एकदम वर आलेला दिसला. मिनिटभर. मला वाटलं, झालं यांचं काम. बरं वाटलं मला, मॅडम. मी मनात म्हटलं, चला, बर्फ होईल."

आणि रडायला लागला. तीस वर्षांचाही नसेल. मी म्हटलं, "काटा बघ, निकेत." दुसरं काय सांगणार?

ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. मला आता सूर ओळखता येत नाही. सगळा नुसता आवाज.

सोमवार, २८ मे

नीलम घरी आली. जेसल पार्कपर्यंत, पत्ता विचारत विचारत. कपाळ पांढरं. काशीनाथने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. जमिनीवरच बसली.

"मॅडम, तुमी तिथं होत्या."

"होते."

"सगळे म्हनतात, माझ्या भावानं माझा नवरा मारला. आयनं त्याचं नाव टाकलं. जेलात डबा न्यायला कुनी न्हाय. मी गेले काल. तो म्हनतो, त्यानं पंढरीनाथला मारलं, ते कबूल हाय. पन हँडल तुमी फिरवलं म्हनतो. मी गजातून हात घालून त्याच्या थोबाडीत मारली. म्हटलं, मॅडमचं नाव घेतोस? चंदन त्यांच्या हातात जीव देऊन जायचा."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. जशी मी काट्याकडे बघते.

मग म्हणाली, "कडं तेवढं गावलं न्हाय. सासरे रोज विचारतात. ते तरी गावलं पायजे."

कडं माझ्या कपाटात आहे. साड्यांच्या खाली. तिच्यापासून सहा हातांवर.

सोमवार, ४ जून

काशीनाथला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. आता वहीत लिही. लिहिल्याशिवाय तुला झोप नाही."

लिहिते. मी दोनला पोचले. पाळी बदलायची वेळ. पंढरीनाथ चार्ज देणार एवढ्यात जिन्यावर पाय वाजले. काही सांगायला वेळच मिळाला नाही त्याला. ते आत आले. उत्तमच्या हातात गज. "चार नंबर चालू कर!" चार नंबरच्या हँडलवर कडं होतं. पंढरीनाथ ओरडला, "माणूस वर आहे, चंदन आहे, खरंच आहे!" सगळे हसले. उत्तम तर सगळ्यांत जास्त. मग मारलं. एकदा, दोनदा. दात माझ्या पायाशी घरंगळत आले. तिसऱ्यांदा गज वर गेला, सरळ डोक्यावर. मी ओरडले, "थांब, करते!" आणि कडं काढून हँडल फिरवलं. मी.

मला वाटलं, ते पत्र्याचं कडं आहे. पंढरीनाथने पुन्हा टांगलं असेल. पंधरा दिवस आम्ही तेच करत होतो. मला कसं कळणार?

काशीनाथ म्हणतो, "कोणालाही कळलं नसतं. तू एक जीव वाचवलास. उत्तमने मारलं नसतं तर तू फिरवलंच नसतंस. दोषी तोच. दोन महिने राहिलेत, गप्प राहा."

पंढरीनाथने आज डोळे उघडले. मला बघून हसायचा प्रयत्न केला. दातांच्या जागी काळं भोक.

शुक्रवार, ८ जून

उत्तमला जेलात कोणीतरी बडवलं. चंदनच्या वस्तीतला कैदी. जबडा मोडला आहे. नीलमने फोन करून सांगितलं. "मॅडम, माझं कुनीच उरनार न्हाय असं वाटतंय."

चार तारखेचं पान पुन्हा वाचलं. 'मला वाटलं' तो परिच्छेद. पंचेचाळीस वर्षांत वहीत पहिल्यांदा खोटं.

सोमवार, १४ मे

(आज ९ जून, सकाळ. याच पानावर लिहिते, कोरं सोडलं होतं तिथे. वही आणि कडं पिशवीत घेतलंय. आधी पोलीस ठाणं, मग पाली. काशीनाथ दारात उभा आहे, अडवत नाही.)

कडं हँडलवरून काढलं आणि माझा हात खाली गेला. जड होतं.

तरी फिरवलं.